पाण्यावर विसंबलेला जीव : टिटिकाकाच्या बेडकाची हकीगत

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला म्हणजे श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. एखादी लढाई, एखादा तह, फार तर एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र. आम्ही आज जो विषय घेतला आहे त्यात राजा नाही, तलवार नाही, आणि नायक म्हणाल तर एक ढगळ कातडीचा बेडूक आहे. ज्याचे सारे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, त्याने पगारवाढ आणि बोनस सोडून बेडकाकडे का वळावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की बोलिव्हियातल्या कथलाच्या खाणीतील कामगारांची हकीगत वाचता वाचता आम्ही या बेडकापाशी येऊन पोचलो. ज्याने शाळा लवकर सोडली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात घेतले, त्याच्या वाचनात विषयांच्या भिंती फारशा टिकत नाहीत. खाणीतून निघालेली वाट सरोवरात कशी उतरते, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ठिकाणाची ओळख करून घेऊ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाने अँडीज पर्वताची रांग उभी धावते. तिच्या ऐन मध्यावर, पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांच्या सरहद्दीवर, टिटिकाका नावाचे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३,८१२ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी या सरोवराचा काठ पाचशे मीटर वरच राहील. सरोवराचा विस्तार आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि सर्वांत खोल जागी पाणी सुमारे २८० मीटर. उत्तरेकडचा मोठा भाग खोल आहे, दक्षिणेकडचा धाकटा भाग उथळ आहे, आणि दोहोंना तिकिना नावाची अरुंद सामुद्रधुनी जोडते.

या सरोवराविषयी दोन गोष्टी श्रोत्यांनी गाठीला बांधून ठेवाव्यात. एक अशी की एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. पाण्यात प्राणवायू विरघळतो तोही या दाबाच्या मानानेच. दुसरी अशी की या सरोवराला नद्या पुष्कळ मिळतात, पण त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, देसाग्वादेरो. येणाऱ्या पाण्यापैकी तिच्या वाटेने जाते ते एक दशांशाहूनही कमी. बाकीचे उन्हाने आणि वाऱ्याने वाफ होऊन उडून जाते. वाफ होताना पाणी तेवढे जाते, त्यात मिसळलेले मागे राहते. म्हणून या सरोवरात एकदा जे पडले ते सहसा बाहेर जात नाही.

अशा ठिकाणी आमचा नायक राहतो. तो पाण्याबाहेर येत नाही. आपल्याकडचा बेडूक पावसाळ्यात बांधावर बसून ओरडतो, उन्हाळ्यात मातीत दडी मारतो. हा जन्मतो पाण्यात, वाढतो पाण्यात आणि मरतो पाण्यात. काठावर आयमारा आणि केचुआ लोकांची गावे शतकानुशतके आहेत. लव्हाळ्याच्या होड्या करून मासे धरणे, काठच्या शेतात बटाटा आणि किनोआ पिकवणे हे त्यांचे जीवन. त्या लोकांना हा बेडूक पूर्वापार माहीत होता, आणि पावसाशी त्याचे नाते आहे अशी त्यांची श्रद्धा होती. दुष्काळ पडला म्हणजे मडक्यात बेडूक घालून ते डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवीत. बेडकांचा आक्रोश ऐकून देवाला दया येईल आणि पाऊस पडेल, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडे कित्येक गावांत पावसाने ओढ दिली की मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढतात, ती प्रथा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काही परके वाटणार नाही. पृथ्वीच्या दोन टोकांच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न भेटता आपला अर्ज एकाच वकिलाच्या हाती दिला, एवढेच म्हणता येईल.

पुढे या सरोवरात यंत्रयुग शिरले. पेरू सरकारने इंग्लंडात दोन लोखंडी आगबोटी बांधून घेतल्या. त्या १८६२ साली सुट्या भागांत पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उतरल्या. पुढे खेचरांच्या पाठीवरून आणि हमालांच्या खांद्यावरून अँडीज ओलांडून सरोवरापर्यंत त्यांचे तुकडे पोचवायला वर्षे लागली. ‘यावारी’ ही त्यांतली पहिली बोट १८७० सालच्या नाताळच्या दिवशी पाण्यात उतरली. तेथे कोळसा नव्हता, म्हणून बॉयलरमध्ये लामा नावाच्या जनावराचे वाळलेले शेण जाळीत. बोटीचे नाव इतिहासात राहिले. तिचे भाग वाहणाऱ्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. असो.

या नव्या दळणवळणामुळे परदेशी विद्वानांना सरोवर गाठणे सोपे झाले. अलेक्झांडर अगासिझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७५ साली सरोवराची पाहणी केली. त्याच्याबरोबर सॅम्युएल गार्मन होता. त्याने या बेडकाचे शास्त्रीय वर्णन १८७६ साली प्रसिद्ध केले. आज शास्त्रात तो टेल्माटोबियस कुलियस या नावाने ओळखला जातो. त्यातील दुसऱ्या शब्दाचे मूळ कातडी पिशवी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. बेडकाच्या अंगावरची कातडी अशी लोंबते की मोठ्या भावाचा सदरा धाकट्याने घातला आहे असे वाटावे. मानेशी वळ्या, कुशीवर वळ्या, मांड्यांवर वळ्या. ही वळी कशासाठी, याचा उलगडा त्या काळी झाला नाही. १९३७ साली इंग्लंडातून पर्सी स्लेडन न्यासाची मोहीम आली, तिने मोजमापे केली, नमुने नेले. ढगळ कातडीचा अर्थ कळायला मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

मध्यंतरी एक गमतीची गोष्ट घडली. इंका राजांचे सोने स्पॅनिशांच्या हाती लागू नये म्हणून टिटिकाकाच्या तळाशी टाकले आहे, अशी दंतकथा त्या भागात प्रसिद्ध आहे. १९६८ साली झाक कुस्तो हा फ्रेंच समुद्रसंशोधक लहान पाणबुड्या घेऊन सरोवरात उतरला. तळाशी सोने मिळाले नाही. तळ दिसला तो बेडकांनी भरलेला. पाय ताणले तर अर्ध्या मीटरच्या आसपास भरतील असे मोठे बेडूक त्याच्या मंडळींनी पाहिले, आणि सरोवरात यांची संख्या अब्जाच्या घरात असावी असा अंदाज केला. अंदाज तो अंदाजच, तो कोणी मोजून ताडला नव्हता. परंतु खाली बेडूक रग्गड होते एवढे त्यातून निश्चित समजते.

१९७६ साली हचिसन, हेन्स आणि एंगब्रेटसन या तिघा अमेरिकन संशोधकांनी या बेडकाच्या श्वसनाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि शंभर वर्षांचे कोडे सुटले. तो अभ्यास कठीण शब्दांत लिहिलेला आहे. त्यातले मर्म साध्या भाषेत असे सांगता येईल.

बेडूक जात दोन वाटांनी श्वास घेते, फुप्फुसाने आणि ओल्या कातडीने. टिटिकाकाच्या बेडकाने पहिली वाट जवळजवळ मोडीत काढली आहे. त्याची फुप्फुसे आखडून लहान झाली आहेत आणि त्यांत रक्तवाहिन्याही थोड्या आहेत. उलट कातडीच्या वळ्यांमुळे पाण्याला भिडणारे अंग कितीतरी वाढले आहे. अंगरख्याला निऱ्या घातल्या की कापड जास्त लागते, तसाच हा प्रकार. त्या कातडीत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या अगदी वरच्या थरापर्यंत येऊन पोचल्या आहेत. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये नावापुरता पडदा उरला आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी इतक्या लहान आहेत की त्या वेळी मोजल्या गेलेल्या उभयचर प्राण्यांत त्याहून लहान पेशी कोणाच्याच नव्हत्या. आणि त्यांची संख्या एका घन मिलिमीटरात सात लाखांहून अधिक. मोठ्या थोड्या टोपल्यांपेक्षा लहान पुष्कळ टोपल्यांनी माल भराभर चढतो-उतरतो, हे कोणताही माथाडी सांगेल. शिवाय या रक्ताची प्राणवायू धरण्याची ओढ मोठी आहे, आणि शरीराचा खर्च अतिशय कमी. बेडकांच्या ज्ञात जातींत इतक्या थोड्या प्राणवायूवर भागवणारा त्या वेळी दुसरा आढळला नव्हता.

प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. पाण्यातला प्राणवायू कमी केला आणि बेडकाला वर येण्यास मज्जाव केला, तर तो तळाशी पाय रोवून अंग वरखाली हलवू लागतो. आखाड्यात पैलवान बैठका मारतो तसा. त्या हालचालीने वळ्यांचे पदर हलतात, अंगाजवळचे शिळे पाणी सरते आणि ताजे येते. म्हणजे हवेसाठी छाती भाता करते, त्याच्या ऐवजी येथे सगळी कातडी भाता झाली.

सारांश, या प्राण्याने पाण्याशी एक करार केला. पाणी थंड आहे, वाऱ्याने सतत ढवळले जाते, म्हणून त्यात प्राणवायू थोडा असला तरी त्याचा पुरवठा तुटत नाही. तेव्हा नाकाची वाट जवळजवळ बंद करून टाकावी आणि सारा जीव पाण्याच्या हवाली करावा. करार पिढ्यानुपिढ्या पाळला गेला. परंतु त्यात एक कलम होते, ते पुढे महागात पडले. ज्याच्या कातडीतून प्राणवायू आत जातो, त्याच्या कातडीतून विषही आत जाते. त्या दारावर पहारेकरी नसतो.

श्वासाच्या शास्त्रालाही राजकारण असते, हे येथे सांगितले पाहिजे. जोसेफ बारक्रॉफ्ट नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ १९२१-२२ मध्ये पेरूतल्या सेरो दे पास्को या खाणींच्या गावी रक्ताचा अभ्यास करण्यास गेला होता. विरळ हवेत कायम राहणाऱ्या माणसांची शारीरिक आणि बौद्धिक शक्ती खालावलेली असते, असे मत त्याने १९२५ साली आपल्या ग्रंथात मांडले. ज्या माणसांनी सव्वाचार हजार मीटरांवर पाठीवरून खनिज वाहिले, त्यांच्याविषयी हे मत. लिमा शहरातल्या कार्लोस मोंगे या वैद्याने त्याला उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की अँडीजचा माणूस उंचीला जुळलेला माणूस आहे, त्याला समुद्रकाठच्या मापाने मोजू नका. उंचीवरच्या काही लोकांत तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढून रक्त दाट होते आणि माणूस आजारी पडतो, हा रोगही मोंगे यानेच १९२५ साली दाखवून दिला. मापणाऱ्याने आपली पट्टी कोठे धरली आहे हे पाहावे लागते, एवढा बोध आम्ही त्या वादातून घेतो. बेडकाच्या बाबतीतही पट्टी कोठे धरावी हा प्रश्न पुढे येणारच आहे.

आता ऱ्हासाकडे वळू. १९४० नंतर लगेच सरोवरात परदेशी ट्राउट मासा सोडण्यात आला. पुढे अर्जेंटिनाकडचा पेहेरेय नावाचा मासाही आला. हेतू चांगला होता, लोकांना अन्न मिळावे, कारखाने निघावेत. ट्राउट डबाबंद करण्याचे कारखाने निघालेही, आणि मासा बेसुमार उपसला गेल्यावर ते बसलेही. आगंतुक मासे बेडकांच्या पिल्लांवर आणि मूळच्या माशांवर ताव मारीत राहिले. सरोवराचा स्वतःचा एक मोठा मासा, ओरेस्टियास जातीतला, आज नामशेष म्हणून नोंदला गेला आहे.

दुसरे संकट बाजारातले. लिमा, हुलियाका, कुस्को, आरेकिपा अशा शहरांत बेडकाचा रस विकणाऱ्या टपऱ्या आहेत. बेडूक सोलून, माका नावाच्या कंदाची पूड, मध वगैरे घालून तो यंत्रात वाटतात आणि गाळून पेल्यात देतात. कोणी पुरुषत्वासाठी पितो. पण दमा, खोकला, पांडुरोग आणि थकवा यांवरही तो गुणकारी समजला जातो. वैद्यकशास्त्रात याला काही आधार नाही. परंतु यातील दैवगती पाहा. जो प्राणी विरळ हवेत श्वास कसा घ्यावा यात पारंगत, त्यालाच वाटून दम्याचे औषध करायचे! आम्ही या पेल्याकडे पाहून नुसते हसू शकत नाही. आमच्या गिरण्यांत पिंजण आणि कताई खात्यांत सरकीच्या धुळीने छाती भरलेल्या माणसांनी कोणकोणते काढे आणि गंडेदोरे केले ते आम्ही जवळून पाहिले आहे. डॉक्टरची पायरी परवडत नाही तेव्हा माणूस टपरीची पायरी चढतो.

बेडूक पकडून विकण्याला पेरूच्या कायद्याने बंदी आहे. टपऱ्यांवर छापे पडतात, बेडूक जप्त होतात. आंतरराष्ट्रीय व्यापारापुरती या जातीवर सर्वांत कडक बंदी घालण्याचा ठराव २०१६ साली जोहान्सबर्ग येथे दोन्ही देशांच्या मागणीवरून संमत झाला. हे सर्व योग्यच झाले. फक्त एक शंका मनात येते. छापा पडतो तो नेहमी टपरीवरच का पडतो? सरोवराच्या तोंडाशी येणाऱ्या नाल्यावर छापा कधी पडतो?

या प्रश्नापाशी आमची खाणकामगारांची वाट येऊन मिळते, म्हणून ती थोडी मागून सांगतो.

बोलिव्हिया हा कथलाचा देश. पातिन्यो वगैरे तीन घराण्यांच्या हाती तेथल्या मोठ्या खाणी होत्या. १९५२ सालच्या एप्रिलमध्ये क्रांती झाली, खाणकामगार बंदुका घेऊन रस्त्यावर उतरले, आणि ऑक्टोबरात त्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाणकामगारांची संघटना ही त्या देशात मोठी शक्ती बनली. पुढे तीन दशके लष्करी राजवटी आल्या, गोळीबार झाले, तरी ती टिकली. नंतर १९८५ साल उजाडले. देशात पैशाची किंमत मातीमोल झाली होती. ऑगस्ट महिन्यात सरकारने २१०६० क्रमांकाचा हुकूम काढून सरकारी उद्योगांतून माणसे कमी करण्याचा मार्ग मोकळा केला. ऑक्टोबरात लंडनच्या धातुबाजारात कथलाचा भाव कोसळला आणि व्यवहार थांबले. सरकारी खाणींत तीस हजारांच्या आसपास कामगार होते. त्यांपैकी वीस हजारांहून अधिक दोनएक वर्षांत घरी बसले. सरकारने या कपातीला ‘स्थलांतरण’ असे गोंडस नाव दिले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कामगार आणि त्यांच्या बायका ओरुरोहून राजधानीकडे पायी निघाले. ‘जीवनासाठी मोर्चा’ हे त्या मोर्चाचे नाव. कालामार्का या गावापाशी लष्कराने त्यांना वेढा घातला आणि मोर्चा तेथेच संपला.

माणसे घरी बसली असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण खाणवस्तीतले घर खाणीचेच असते. नोकरी गेली की छप्परही जाते. यांतली पुष्कळ कुटुंबे ला पास शहराच्या वरच्या अंगाला, चार हजार मीटरांवरच्या एल आल्तो या पठारावर येऊन राहिली. त्याआधी १९८३ च्या मोठ्या अवर्षणाने उद्ध्वस्त झालेले शेतकरी तेथे आलेच होते. १९७६ च्या शिरगणतीत एल आल्तोची वस्ती लाखाच्याही आत होती. १९९२ साली ती चार लाखांवर गेली, २०१२ साली आठ लाखांवर. विटा थापून घरे झाली, बाजार झाले. पण गटारे झाली नाहीत. शहर माणसांनी आधी वसवले, आणि सरकार मागाहून, तेही अर्धवट, आले. पुचुकोयो येथे सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला, तो शहराच्या वाढीपुढे तोकडा पडला. लाखो माणसांचा मैला, कातडी कमावणाऱ्या आणि इतर लहानमोठ्या कारखान्यांचे पाणी ओढ्यांत, ओढ्यांतून काटारी नदीत, आणि काटारीतून कोहानाच्या उपसागरात. हा उपसागर सरोवराच्या त्या उथळ, धाकट्या भागात आहे.

पेरूच्या बाजूलाही हीच कथा, नावे तेवढी वेगळी. हुलियाका शहराचे सांडपाणी कोआता नदीतून सरोवरात येते. रामिस नदीच्या वरच्या अंगाला सोन्याच्या खाणी आहेत, आणि सोने वेगळे काढण्यासाठी तेथे पारा वापरतात. ला रिंकोनादा हे पाच हजार मीटरांहून उंचावरचे खाणीचे गाव त्याच प्रदेशातले. तेथे ‘काचोर्रेओ’ नावाची पद्धत चालत आली आहे. कामगाराने जवळजवळ महिनाभर बिनपगारी राबायचे, आणि मग एखाद्या दिवशी आपल्या अंगाने उचलेल तेवढा दगड घरी न्यायचा. त्यात सोने निघाले तर तो पगार, न निघाले तर नशीब. अशा माणसाला तुझ्या पाऱ्याने खाली बेडूक मरतो असे सांगायला जाणाऱ्याने आधी त्याच्या मजुरीचा हिशेब विचारावा.

घाण पाण्यात पडली की प्रत्यक्ष घडते काय, तेही पाहिले पाहिजे. मैल्यात नत्र आणि स्फुरद असते. शेतात घातले तर ते खत, सरोवरात पडले तर तेथेही खतच. मात्र त्यावर पीक येते शेवाळाचे. पाणी हिरवेगार होते. हे शेवाळ मरून तळाशी बसले की ते कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जंतू काम हाती घेतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, तयार होतो. २०१५ च्या एप्रिल महिन्यात धाकट्या सरोवरात नेमके हेच झाले. हजारो बेडूक, मासे आणि पाणपक्षी मरून काठाला लागले. ज्याने आपली फुप्फुसे आखडून घेतली त्याने अशा वेळी कोठे जावे? वर येऊन हवा घ्यावी तर छातीत जागा नाही, खाली राहावे तर पाण्यात विष. बैठका काढून काढून किती काढणार?

पुढच्याच वर्षी, २०१६ च्या ऑक्टोबरात, पेरूमध्ये कोआता नदीच्या काठाने सुमारे दहा हजार बेडूक मेलेले आढळले. तेव्हा जे घडले त्यासाठी तरी हा विषय या व्यासपीठावर आणावा असे आम्हांस वाटले. कोआता काठच्या गावकऱ्यांनी प्रदूषणाविरुद्ध एक समिती केली होती. नदी साफ करा, शुद्धीकरणाचा कारखाना बांधा, हे ते सरकारला सांगत आले होते आणि त्यांचे कोणी ऐकत नव्हते. त्यांनी शंभरएक मेलेले बेडूक गोळा केले, पुनो शहराच्या मुख्य चौकात नेले आणि तेथे मांडून ठेवले. हे लोक कोणी प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. त्याच नदीचे पाणी प्यावे लागणारे, त्याच पाण्यावर गुरे पाळणारे शेतकरी होते. आपली तक्रार त्यांनी बेडकांच्या हाती दिली. पूर्वी त्यांचे वाडवडील पावसासाठी बेडकाला डोंगरावर नेत, आता नातवंडांनी पाण्यासाठी त्याला चौकात आणले. या वेळी अर्ज देवाकडे नव्हता.

आम्ही आयुष्यभर मागण्यांची पत्रके लिहिली. या चौकातल्या पत्रकाइतके नेमके पत्रक आमच्या पाहण्यात नाही. कारण त्यात एक जुना खोटा वाद आपोआप निकालात निघतो. गरिबाची भाकर की बेडकाचा जीव, असा प्रश्न शहरातली शहाणी माणसे नेहमी टाकतात. बंदी घालायची तर टपरीवाली बाई मरते, कारखाना थांबवायचा तर कामगार मरतो, म्हणून बेडकाने मरावे, असा त्यांचा हिशेब. कोआताच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले की या हिशेबात खातेच चुकीचे उघडले आहे. बेडूक आणि शेतकरी एकाच पानावर, येणेकऱ्यांच्या बाजूला आहेत. देणेकरी दुसऱ्या पानावर आहे. ज्या हुकुमाने वीस हजार माणसे खाणीतून बाहेर काढली त्यात त्यांच्यासाठी गटाराची तरतूद नव्हती. ज्या बाजारात कथलाचा भाव पडला त्या बाजाराने काटारी नदीचा खर्च कधी मोजला नाही. काटकसर झाली, ती कागदावर झाली. तिचे बिल पठारावरच्या वस्तीने भरले, आणि वस्तीने जे भरले नाही ते बेडकाच्या कातडीने भरले.

या विधानावर कोणी आक्षेप घेईल की बेडकाच्या ऱ्हासाला कारणे अनेक आहेत. ते खरेच आहे. परके मासे आहेत, रसाच्या टपऱ्या आहेत, शिवाय उभयचरांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी जगभर बेडकांच्या मुळावर उठली आहे आणि ती या सरोवरातही सापडली आहे. सगळ्याचे खापर आम्ही एका हुकुमावर फोडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की कारणांची यादी करताना ज्यांची नावे घेणे सोपे तेवढीच घेतली जातात. टपरीवालीचे नाव पोलिसाला माहीत असते. न बांधलेल्या गटाराला नाव नसते, म्हणून त्याच्यावर खटला भरत नाही.

आता सद्यःस्थिती सांगून संपवू. २००४ साली निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या बेडकाची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. तीन पिढ्यांत संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली असावी असा तिचा अंदाज होता. पुढे २०२० च्या फेरतपासणीत ती नोंद एक पायरी सौम्य होऊन संकटग्रस्त अशी झाली. सरोवर मोठे आहे आणि त्यात अजून बेडूक आहेत, हा त्याचा अर्थ. संकट टळले असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. पेरूने १९७८ सालीच सरोवराचा काही भाग राखीव म्हणून जाहीर केला आहे. बोलिव्हियात कोचाबांबा शहराच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात, तसेच अमेरिकेत डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात या बेडकांची जोपासना होते, अंडी उबवली जातात. उद्या सरोवर रिकामे झालेच तर बियाणे असावे म्हणून ही तजवीज. तजवीज चांगली आहे. पण काचेच्या टाकीत स्वच्छ पाणी खेळवून बेडूक जगवता येतो, यावरून त्याला काय हवे आहे हेही सिद्ध होते. त्याला पाणी हवे आहे, आणि तेच हुलियाकाच्या आणि एल आल्तोच्या वस्तीलाही हवे आहे.

पट्टी कोठे धरावी हा प्रश्न आम्ही मघाशी राखून ठेवला होता. एखाद्या शहराची प्रगती मोजायला त्याचे मनोरे मोजतात, रस्ते मोजतात, उत्पन्न मोजतात. आमच्या मते पट्टी गटाराच्या तोंडाशी धरावी. तेथे जो जीव सर्वांत उघडा आहे, ज्याच्या आणि पाण्याच्या मध्ये काहीच नाही, तो जगतो की मरतो ते पाहावे. खाणीत खोल उतरणारे कामगार एके काळी पिंजऱ्यात पाखरू घेऊन जात. पाखरू पडले की वर धाव घ्यायची, हे त्यांना ठाऊक असे. त्या कामगारांना पाखराची दया होती की नाही हे आम्हांला माहीत नाही. पण पाखराचा आणि आपला श्वास एकच आहे, एवढे त्यांना पक्के कळले होते. टिटिकाकाच्या काठी पाखरू पडून आता बरीच वर्षे झाली आहेत, आणि कोआताच्या शेतकऱ्यांनी ते चौकात आणून दाखवलेही आहे. वर धाव घेण्याचा पाळा ज्यांच्या हाती आहे, त्यांनी तो फिरवावा अशी मागणी उरते. ती बेडकाला करता येत नाही. ती माणसांनाच संघटित होऊन करावी लागेल.